टाकी किती भरली, ते स्वयंपाकघरातच दिसेल: पाव, अर्धी, पाऊण, भरली

पुण्यात गुरुवारचं पाणी बंद असलं की शुक्रवारी सकाळी ते उशिरा आणि कमी दाबानं येतं. अशा वेळी गच्चीवरच्या टाकीत नेमकं किती उरलंय, हे जिना न चढता कळायला हवं. मोटार लावून विसरलं की टाकी वाहते, आणि खडकवासल्याहून आलेलं पाणी गच्चीवरून थेट गटारात जातं. दोन्हीवर एकच उपाय आहे: स्वयंपाकघरात चार दिवे आणि एक बझर. यात मायक्रोकंट्रोलर नाही, प्रोग्रॅम नाही, मोबाइल ॲप नाही. ज्यांना सोल्डरिंग आयर्न धरता येतं आणि मल्टिमीटरवर कंटिन्युइटी बघता येते, त्यांचं हे दोन सुट्ट्यांचं काम आहे.

आधी एक गोष्ट ठरवून टाका: पाण्यातून वीज वाहू द्यायची नाही. बाजारात मिळणारे बरेच स्वस्त पातळी-दर्शक टाकीत उघड्या तारा सोडतात आणि पाण्याच्या वाहकतेवर चालतात. यूएलएन २००३ या आयसीवर असं सर्किट अर्ध्या तासात तयार होतं आणि पहिले काही आठवडे छान चालतं. पण एकाच दिशेनं सतत वाहणाऱ्या प्रवाहामुळे धन टोकाचा धातू पाण्यात विरघळत जातो. तांब्याची तार हिरवी पडते, बारीक होते, शेवटी तुटते. तोपर्यंत ते तांबं प्यायच्या पाण्यात गेलेलं असतं. स्टीलच्या कांड्या लावल्या तर हेच सावकाश होतं, थांबत नाही. उरला अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा सेन्सर. त्यातल्या उघड्या एचसी-एसआर०४ वर बंद टाकीतली वाफ साचते आणि तो गंजतो. जलरोधक जेएसएन-एसआर०४टी पहिले वीसेक सेंटिमीटर मोजतच नाही, म्हणजे टाकी काठोकाठ येते त्याच जागी आंधळा. म्हणून इथे चुंबकाचा तरंगता स्विच वापरला आहे. त्यात प्लॅस्टिकच्या दांड्यात काचेचा रीड स्विच बंद असतो आणि बाहेरच्या तरंगत्या कड्यात चुंबक असतो. कडं वर आलं की आतला संपर्क जुळतो. पाण्याचा आणि विजेचा संबंधच येत नाही.

सामान

तापकीर गल्लीत एका फेरीत इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं मिळतं. क्लिप, पट्ट्या, पाइप बोहरी आळीत किंवा जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात.

– उभा बसवायचा पॉलिप्रॉपिलीनचा फ्लोट स्विच, ४ नग आणि एक जादा
– ३/८ इंची आरओ पाइप, टाकीच्या उंचीच्या साधारण सहापट
– पाऊण इंची यूपीव्हीसी पाइप, टाकीच्या उंचीएवढा
– एक इंची एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) एल-अँगल ४, एसएसच्या होज क्लिप ४
– आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, १६ मिमी आणि ३ मिमी
– कॅट-६ केबल, गच्ची ते स्वयंपाकघर मोजून वर ३ मीटर
– ५ व्होल्टचा चार्जर, झिरो पीसीबी (भोकांची कोरी पट्टी), स्क्रू टर्मिनल
– एलईडी ५ (लाल, पिवळे २, हिरवा, आणि वीज आहे हे दाखवायला एक पांढरा)
– रोध: ४७० ओहम ५, १० किलोओहम ४, १०० किलोओहम १
– कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट, मॉसफेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) २एन७०००, ५ व्होल्टचा ॲक्टिव्ह बझर
– १०० मिलिअँपिअरचा पॉलिफ्यूज
– आयपी ६५ दर्जाचा (धूळ-पाणी आत न घेणारा) जंक्शन बॉक्स आणि ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारी बूच)

खरेदीत तीन ठिकाणी फसायला होतं. पहिलं केबलमध्ये. स्वस्त कॅट-६ मध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. आतली एक तार, म्हणजे शिर, ब्लेडनं खरवडा. आत चांदीसारखं पांढरं दिसलं तर ती केबल नको, कारण तिला सोल्डर नीट धरत नाही आणि टर्मिनलमध्ये आवळली की ती तुटते. दुसरं बझरमध्ये. ॲक्टिव्ह बझर नुसते ५ व्होल्ट दिले की वाजतो, पॅसिव्ह नुसता टक् करतो. दुकानातच लावून बघा. तिसरं चार्जरमध्ये. ज्यावर बीआयएस नोंदणीचा ‘आर’नं सुरू होणारा क्रमांक छापलेला आहे, असाच वापरा. जुना मोबाइलचा चार्जर पुरेसा आहे, पण बिनानावाचा, हलका लागणारा चार्जर इथे नको. त्याच्या आत २३० व्होल्ट आणि ५ व्होल्ट यांच्यातलं अंतर बेभरवशाचं असतं, आणि आपली तार पाण्याच्या टाकीपर्यंत जाणार आहे.

उंची काढणं

गोल टाकीचा आतला व्यास मोजा. निम्मा करा, त्याचा वर्ग करा, ३.१४ नं गुणा आणि १००० नं भागा. जे येईल ते एका सेंटिमीटर उंचीतले लिटर. व्यास १०८ सेंमी असेल तर ५४ गुणिले ५४ गुणिले ३.१४, म्हणजे दर सेंटिमीटरला सुमारे ९.१६ लिटर.

‘भरली’चा स्विच ओव्हरफ्लोच्या तोंडाशी बसवू नका. मोटार मिनिटाला ३० लिटर पाणी चढवत असेल, तर या टाकीत पातळी मिनिटाला सव्वातीन सेंटिमीटर वाढते. बझर ऐकून, हातातलं काम ठेवून, खाली जाऊन मोटार बंद करायला तीन मिनिटं धरली तर दहा सेंटिमीटर जागा हवी. म्हणून ओव्हरफ्लोच्या खालच्या कडेपासून १० सेंमी खाली. मोटार किती पाणी चढवते ते माहीत नसेल तर वीस लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा.

बाकीच्या खुणा तळापासून मोजायच्या नाहीत, कारण खाली जाणारा नळ तळापासून थोडा वर असतो आणि त्याखालचं पाणी घरात येतच नाही. नळ ५ सेंमीवर आणि ‘भरली’ ९५ सेंमीवर असेल तर वापरायचं पाणी ९० सेंमी. मग पाव २७.५ वर, अर्धी ५० वर, पाऊण ७२.५ वर. १०८ सेंमी व्यासाच्या टाकीत असा प्रत्येक टप्पा सुमारे २०६ लिटरचा येतो. हा आकडा पॅनलवर लिहून ठेवा. ‘अर्धी’ पेक्षा ‘चारशे लिटर’ हे घरातल्या सगळ्यांना पटकन कळतं.

टाकीतली कांडी

कांडी म्हणजे चारही स्विच बसवलेला यूपीव्हीसी पाइप. या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सर्किटमधली चूक पाच मिनिटांत सुधारते. टाकीतली चूक सुधारायला पुन्हा सगळं उपसावं लागतं.

फ्लोट स्विचला बहुधा वीतभर ते हातभर वायर असते. खालच्या स्विचची वायर वाढवावी लागणार, आणि तो जोड पाण्यात येणार. नुसती टेप गुंडाळलेला जोड महिन्याभरात पाणी ओढतो. म्हणून जोड आरओ पाइपच्या आत घ्यायचा. हा पाइप पिण्याच्या पाण्यासाठीच असतो, ३/८ इंची पाइपात दोन बारीक वायरी आणि त्यांचे जोड आरामात मावतात. दोन्ही वायरींचे जोड एकाच जागी येऊ देऊ नका, तीन सेंटिमीटर पुढे-मागे ठेवा. प्रत्येकावर ३ मिमी स्लीव्ह बसवा. मग पाइप खाली सरकवून स्विचच्या आट्यांना टेकवा.

आता त्या सांध्यावर १६ मिमी गोंदाची स्लीव्ह बसवायची. पण स्विच आधी एल-अँगलमध्ये घालून नट आवळायला विसरू नका, नाहीतर स्लीव्ह बसल्यावर नट वर चढणार नाही. एल-अँगलच्या आडव्या भुजेला आट्यांच्या मापाचं भोक पाडा. ते माप नगानगाला बदलतं, मोजूनच पाडा. दांडा भोकातून वर, तरंगणारं कडं खाली. गोंदाला थोडी आट्यांची लांबी वर मोकळी राहिली पाहिजे. हीट गन सतत हलती ठेवा. आरओ पाइप पॉलिथिलीनचा असतो, एका जागी आच लागली की चपटा होतो. स्लीव्हच्या दोन्ही कडांतून गोंदाचा बारीक मणी बाहेर आला की थांबा.

थंड झाल्यावर स्विचचं टोक बादलीत बुडवा आणि पाइपच्या दुसऱ्या टोकातून जोरात फुंका. बुडबुडे आले तर सांधा गळतोय. कापून पुन्हा करा, वरून गोंद चोपडू नका. चारही स्विच या परीक्षेतून गेल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून कडं हातानं वर-खाली करा. वर असताना आवाज यायला हवा. उलट झालं, म्हणजे खाली असताना आवाज आला, तर स्विच खराब नाही. दांड्याच्या टोकाची क्लिप काढा, कडं उलटं घाला, क्लिप परत लावा. क्लिप बारीक असते आणि उडते. परातीत धरून काढा.

एल-अँगलची उभी भुजा होज क्लिपनं यूपीव्हीसी पाइपवर आवळा. स्क्रूपेक्षा क्लिप बरी, उंची नंतर सरकवता येते. साध्या लोखंडी पट्ट्या वापरू नका: एक तर गंजतात, शिवाय कड्यातला चुंबक त्यांच्याकडे ओढला जाऊन कडं अडकतं. दुकानात चुंबक लावून बघा, जोरानं चिकटला तर ती पट्टी नको. यूपीव्हीसी पाइपला खालून, मधून आणि वरून भोकं पाडा म्हणजे आत पाणी शिरेल. हवा अडकली तर कांडी तरंगते आणि सगळ्या खुणा खोट्या होतात. आरओ पाइप नायलॉन टायनं कांडीला बांधा, पण कड्याच्या वाटेत टायचं टोक येणार नाही असं.

कांडी साबणानं धुऊन, खळखळून घ्या. मोटार बंद करा. टाकीच्या तोंडातून कांडी उभी सोडा, तळाला टेकवा आणि वरचं टोक तोंडाशी आडव्या बसवलेल्या पाइपच्या तुकड्याला बांधा. पाणी पडतं त्या धारेपासून लांब ठेवा. टाकीला भोक पाडायचं कारण नाही, आणि टाकीच्या आत उतरायचं तर मुळीच नाही.

गच्ची ते स्वयंपाकघर

जंक्शन बॉक्स टाकीच्या बाहेर, सावलीच्या बाजूला बसवा. चारही आरओ पाइप आणि केबल खालच्या बाजूनंच आत घ्या. ग्लँडआधी केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून बॉक्सकडे न जाता झोळाच्या तळाशी गळेल. आरओ पाइपच्या भोवतीची फट बुजवा, नाहीतर पहिल्या पावसात मुंग्या आत घर करतात.

केबलच्या आठ शिरांचं वाटप असं: नारिंगी आणि पांढरी-नारिंगी एकत्र करून सामाईक धन, निळी ‘भरली’, हिरवी ‘पाऊण’, तपकिरी ‘अर्धी’, पांढरी-तपकिरी ‘पाव’. उरलेल्या दोन मोकळ्या, पुढे एखादी शिर तुटली तर कामी येतील. तीस मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन रोध पाच ओहमच्या आसपास भरतो, काही मिलिअँपिअरला तो जाणवत नाही. घरात घ्यायची राखाडी केबल उन्हात वर्ष-दोन वर्षांत तडकते. ती कंड्युटमधून न्या किंवा बाहेर वापरायची काळी केबल घ्या.

पॅनल

चार्जरचा धन थेट झिरो पीसीबीवर. तिथून पॉलिफ्यूजमधून नारिंगी जोडीला. गच्चीवर काही शॉर्ट झालं तर पॉलिफ्यूज गरम होऊन प्रवाह रोखतो, शॉर्ट काढल्यावर आपोआप सावरतो.

गच्चीवरून परत आलेली प्रत्येक शिर दोन ठिकाणी जोडा: ४७० ओहममधून एलईडीच्या लांब पायाला (आखूड पाय ऋणाला), आणि १० किलोओहममधून थेट ऋणाला. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, म्हणजे ३ व्होल्ट भागिले ४७०, सुमारे ६.४ मिलिअँपिअर. फ्लोटमधला रीड अर्ध्या अँपिअरपर्यंतचा असतो, त्याला हे काहीच नाही. १० किलोओहम अनावश्यक वाटेल, पण तो गाळू नका. पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये दमट हवा साचली की शिरांमध्ये काही मायक्रोअँपिअर गळती होते आणि आजचे तेजस्वी एलईडी तेवढ्यावरही मिणमिणतात. ही गळती १० किलोओहममधून निघून जाते आणि दिवा खरोखर विझतो.

बझर फक्त ‘भरली’च्या शिरेवर. तो टाकी भरलेली असेपर्यंत वाजत राहिला तर कोणीतरी त्याची वायर काढून टाकेल, हे नक्की. म्हणून तो थोडा वेळ वाजून गप्प बसला पाहिजे. मॉसफेटला तीन पाय असतात: सोर्स, गेट आणि ड्रेन. कपॅसिटरचा धन पाय निळ्या शिरेला, ऋण पाय २एन७००० च्या गेटला. गेटपासून १०० किलोओहम ऋणाला. सोर्स ऋणाला. ड्रेन बझरच्या ऋण पायाला, बझरचा धन पाय पॉलिफ्यूजच्या आधीच्या ५ व्होल्टला.

स्विच जुळला की गेटवर ५ व्होल्ट येतात, मग कपॅसिटर १०० किलोओहममधून भरत जातो आणि गेटचं व्होल्टेज उतरतं. सुमारे २.१ व्होल्टच्या खाली गेलं की बझर थांबतो. गणितानं ४१ सेकंद. पण या मॉसफेटचा उंबरठा ०.८ ते ३ व्होल्टांत कुठेही असू शकतो, त्यामुळे पंचवीस सेकंद ते जवळपास दीड मिनिट काहीही येईल. कमी हवं तर कपॅसिटर २२० चा घ्या. या रचनेचा आणखी एक फायदा आहे. पाणी पडताना पातळी हलते, स्विच लागतो-सुटतो. पण कपॅसिटर एकदा भरला की तो रिकामा व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणून लाटांनी बझर पुन्हा पुन्हा वाजत नाही. वीज जाऊन आली आणि टाकी भरलेली असली तर मात्र तो एकदा वाजेल. तो दोष नाही.

२एन७००० ची सपाट बाजू समोर, पाय खाली: डावीकडून सोर्स, गेट, ड्रेन. त्याच्याऐवजी दुकानात बीएस१७० देतात. चालेल, पण त्याचे सोर्स आणि ड्रेन उलट आहेत. उलटा लावला तर आतला डायोड वाहतो आणि वीज आल्यापासून बझर थांबतच नाही.

पांढरा एलईडी ४७० ओहममधून कायम ५ व्होल्टवर. तो नसेल तर ‘टाकी रिकामी’ आणि ‘चार्जर बंद’ यांतला फरक कळणार नाही.

केबल लावण्याआधी टेबलावरच तपासा: एक छोटी वायर ५ व्होल्टला लावून तिचं दुसरं टोक एकेका शिरेच्या टर्मिनलला टेकवा. चार दिवे, आणि निळीला बझर. मग केबल.

पुढे काय बिघडतं

‘पाऊण’ पेटलाय आणि ‘अर्धी’ विझलाय, असं पाण्यात घडूच शकत नाही. म्हणजे अर्धीचा स्विच अडकलाय किंवा तपकिरी शिर तुटली. पॅनलवरच त्या शिरेला ५ व्होल्ट टेकवा. दिवा लागला तर दोष वर आहे. वर कडं हातानं उचलून बघा. बोअर किंवा टँकरचं जड पाणी असेल तर दांड्यावर पांढरा थर बसतो आणि कडं सरकत नाही. कांडी बाहेर काढून कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून तासभर बुडवा, खरवडू नका. महापालिकेच्याच पाण्यावर असाल तर टाकी धुताना बघितलं तरी पुरतं.

चारही दिवे एकदम गेले आणि पांढरा चालू असला तर नारिंगी जोडी किंवा पॉलिफ्यूज. पॉलिफ्यूज हाताला गरम लागला तर गच्चीवर शॉर्ट आहे, बहुतेक वेळा बॉक्समध्ये पाणी.

वीज गेल्यावरही पॅनल चालावं म्हणून पॉवर बँक लावाल तर ती थोड्या वेळात बंद पडेल. एवढ्या कमी प्रवाहाला बहुतेक पॉवर बँक ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजतात.

एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की गच्चीवरून येणारी केबल पॅनलपासून काढून ठेवा. त्यासाठी पॅनलच्या बाजूला ओढून काढता येणारं टर्मिनल वापरा. ही केबल इमारतीवर पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या (लाइटनिंग अरेस्टरच्या) तारेजवळून कधीच नेऊ नका.

हा फ्लोट स्विच मोटारीला लावायचा मोह होईल. लावू नका. रीडची ताकद १० वॉटची. एक अश्वशक्तीची मोटार ७४६ वॉटची, आणि सुरू होताना ती चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट खेचते. पहिल्याच वेळी संपर्क चिकटतात, मोटार बंदच होत नाही, आणि २३० व्होल्ट टाकीपर्यंत पोहोचलेले असतात. मोटार आपोआप बंद व्हायला हवी असेल तर परवानाधारक वायरमनकडून कॉन्टॅक्टर (मोटारीचा मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि त्यासाठीचा वेगळा केबल-फ्लोट बसवून घ्या. हे पॅनल त्याच्याशी न जोडता बाजूलाच राहू द्या. मोटारीचा फ्लोट कधी अडकलाच तर निदान बझर सांगेल.

शेवटी शिरांचे रंग, चारही खुणांची उंची आणि दर टप्प्याचे लिटर एका कागदावर लिहून पॅनलच्या झाकणाला आतून चिकटवा, आणि तसाच एक कागद पिशवीत घालून गच्चीवरच्या बॉक्समध्ये ठेवा.